गळ्याची फेरी

एप्रिल लागला की आमच्या बजाजनगरात दोन गोष्टी एकदमच गच्चीवर चढतात. कुरडयांचा चीक आणि लाउडस्पीकरचे कर्णे. खाली गल्लीत निळ्या पताकांच्या दोऱ्या ताणणं चालू असतं, वर बायका जुन्या साड्या अंथरून सोऱ्या दाबत असतात, आणि मंडळातलं कुणीतरी सकाळपासून ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ करून सगळ्यांचं डोकं उठवत असतं. कडुनिंबाचा मोहर वाळून गाड्यांच्या सीटवर पडलेला असतो. ऊन असं, की चपलेशिवाय गच्चीवर जाणाऱ्याच्या पायाला फोडच यावेत. इतरांना एप्रिल म्हणजे परीक्षा, लग्नं, आंबे. आम्हाला एप्रिल म्हणजे जयंती, आणि जयंती म्हणजे गाणी. वर्षभर कंपनीच्या भोंग्यावर उठणारी-झोपणारी ही वस्ती या महिन्यात गाण्यावर उठते.

काल अशीच कॉलेजचे पेपर तपासत बसले होते. एका महाभागानं उत्तराऐवजी मलाच चार ओळींची विनंती लिहिली होती, मॅडम पास करा म्हणून. त्याला काय शेरा द्यावा या विचारात होते आणि बाहेर कर्ण्यातून आईचा आवाज आला. आईचं ते गाणं. स्वच्छ, भरलेलं, कुठं तडा नाही. मी पेन ठेवलं. वरच्या जागेपर्यंत गाणं येईतो मला पेपर तपासता येत नाही, मग समोर कुणी पास होवो की नापास.

ते गाणं लागलं की मला तो एक एप्रिल आठवतो. त्या एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत रेकॉर्ड झालेलं गाणं असलेला एक अल्बम सगळीकडं गाजत होता, आणि आमच्या घरात मात्र सुतक पडल्यासारखं झालं होतं.

आई कोण ते सांगते. विमल तिचं नाव. माहेर करमाडच्या पलीकडं, सासर हे, वाळूजच्या कंपन्यांच्या सावलीतलं. तिची बायकांची गायन पार्टी आहे. पेटी, ढोलकी, टाळ, आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साड्या. बाकी कशात ती तडजोड करेल, इस्त्रीत नाही. मी लहान असताना जयंतीच्या आदल्या दिवशी आमच्या घरात पोळ्यांपेक्षा साड्यांना जास्त वेळ मिळायचा. खळ किती घट्ट हवी यावर पार्टीतल्या बायकांची भांडणं व्हायची आणि शेवटी आईचंच खरं व्हायचं.

गाण्याच्या बाबतीत तिचे दोन कायदे. पहिला, पंखा बंद. लग्नाच्या आधी तिनं गुलमंडीच्या मागच्या एका स्टुडिओत कॅसेटसाठी गाणं म्हटलं होतं. स्टुडिओ म्हणजे काय, भिंतींना गाद्या ठोकलेली एक खोली. महिना एप्रिलचाच. मालकानं आधी दार लावलं, मग पंखा बंद केला. माईकमध्ये पंख्याची घरघर येते म्हणे. आई आणि तिच्या मैत्रिणी घामानं निथळत गायल्या. ‘खळ पार धुऊन निघाली बघ साडीची,’ हे ती आजही अशा थाटात सांगते की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला तिथं हारतुरे घातले. तिच्या लेखी घातलेच होते. आपला आवाज इतका मोलाचा, की त्याच्यासाठी कुणीतरी पंखा बंद केला! तेव्हापासून आमच्या घरात पंखा बंद झाला की समजायचं, आता खरं गाणं.

दुसरा कायदा गळ्याच्या फेरीचा. कुठलंही गाणं ती दोनदा म्हणते. पहिली फेरी गळ्यासाठी. त्या फेरीत ती थांबेल, खाकरेल, शब्द विसरेल, मध्येच कुणाला तरी ‘अगं दूध बघ’ म्हणेल. तेव्हा पंखा चालू असतो, ढोलकी सैल असते. ही फेरी हिशेबात धरायची नाही. वाहवा तर अजिबात करायची नाही. मी एकदा लहानपणी टाळ्या वाजवल्या तर डोळे वटारून म्हणाली, ‘गळा उघडतेय मी अजून. गाणं कुठं म्हणलंय?’ मग पाणी, चिमूटभर ज्येष्ठमध, पंखा बंद, आणि दुसरी फेरी. ती लोकांसाठी.

आणि ते गाणं. ते आईनं स्वतः जुळवलेलं. तिच्या आईला, म्हणजे माझ्या आजीला, अक्षर येत नव्हतं. एसटी आली की आजी कुणालातरी विचारायची, ‘बाबा, ही गाडी कुठली?’ कुणी सांगायचं, कुणी मान फिरवायचं, आणि एकदा एकानं मुद्दाम उलट्या गाडीत बसवून दिलं होतं. आई शाळेत जायला लागली आणि एक दिवस करमाडच्या स्टँडवर तिनं गाडीची पाटी स्वतः वाचली. आजीचा हात धरून तिला बरोबर गाडीत चढवलं. एवढंच गाणं. शेवटच्या कडव्यात ‘माझी मी, माझी मी’ असं दोनदा येतं आणि दुसऱ्या वेळी आवाज वरच्या पट्टीत चढून तिथंच थांबतो. सगळं गाणं त्या थांबण्यासाठी आहे. कुणाला विचारलं नाही, माझी मी वाचली. ते आनंदाचं गाणं आहे हो, हुंदक्याचं नाही.

आता थोडं गाजलेल्या अल्बमांविषयी. या विषयावर माझं डोकं लवकर तापतं, ते कॉलेजपासून. आम्ही शिकत असताना एका अल्बमची अशीच साथ आली होती. ज्याच्या त्याच्या तोंडी तोच. औरंगपुऱ्यातल्या कॅसेटच्या दुकानात त्यासाठी नंबर लागायचे. माझी मैत्रीण वैशाली, घरात पेटी-तबला असलेली, पुण्याला मामा असलेली, तिनं मला तो ऐकायला दिला आणि वर म्हणाली, ‘डोळे मिटून ऐक.’ मी मिटले. समुद्राच्या लाटा आल्या. एका बाईनं लांबून हुंकार दिला. पुन्हा लाटा. मला मस्त झोप लागली.

‘तुला कळला नाही तो,’ वैशाली म्हणाली.

‘कळण्यासारखं काय होतं त्यात? पाणी होतं.’

‘सगळे थोर म्हणतात.’

‘मग तू सांग ना त्यातली एक ओळ गुणगुणून.’

तिला येईना. रागावली माझ्यावर, चांगले दोन-चार दिवस बोलली नाही. मी हट्टानं ती कॅसेट घरी आणली आणि पापड लाटत बसलेल्या आईपुढं लावली. आईनं एक अख्खी बाजू ऐकून घेतली. बाजू संपून खटका पडल्यावर लाटणं थांबवून तिनं विचारलं, ‘बरं, गाणं कवा लागणारंय?’

मी असं म्हणत नाही की गाजलेलं सगळं पोकळ असतं. काही अल्बम खरंच एवढे मोठे असतात की स्तुती अपुरी पडते. पण एकदा चार मोठ्या माणसांनी थोर म्हटलं की पाचव्याची हिंमत होत नाही, ही मात्र खरी गोष्ट आहे. मग तो अल्बम कपाटात मानानं राहतो आणि भांडी घासताना कुणाच्या तोंडात येत नाही. आमच्या गल्लीत याउलट असतं. जयंतीच्या आधी नवीन गाण्यांचा ढीग येतो. ती सगळी पापडांच्या घोळक्यात लागतात. पहिल्या दिवशी सगळी ऐकायची. दुसऱ्या दिवशी लाटताना जे गाणं बायकांच्या तोंडात आपोआप येईल, ते पास. बाकीची कितीही मोठ्या नावाची असोत, घरी. इतकी कडक परीक्षा मीसुद्धा घेत नाही.

तर अशा गल्लीत ईशान आला. पुण्याचा, तरुण, केस मागं बांधलेले, अतिशय गुणी आणि नम्र. आईच्या पाया पडला. गावोगावच्या बायकांची गाणी गोळा करून तो अल्बम करणार होता. वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही उगाच त्याच्यावर राग धराल. मला आला तेवढा पुरे आहे.

आईनं त्याला आधी सुचवलं, ‘स्टुडिओत जाऊ की. शहरात हायेत चांगले. पार्टीला घेऊन येते मी, साड्या तयारच हायेत.’

‘नको मावशी,’ ईशान म्हणाला, ‘इथंच. घरातच. जसं आहे तसं हवंय मला.’

‘अरे, पण आज पाणी यायचा दिवस हाय.’

पाणी यायचा दिवस म्हणजे आमच्याकडं काय, ते इथल्यांना सांगायला नको. इतक्या दिवसांनी नळ येतो की त्या दिवशी गल्ली म्हणजे कारखाना. शेजारच्या शेख भाभींची मोटर लागली होती आणि ती मोटर म्हणजे दळणाची गिरणी परवडली. शिवाय भाभी ठेच्यासाठी लाल मिरच्या परतत होत्या. आमच्या दोन घरांत भिंत एकच. अशात आईनं नेहमीप्रमाणं गळ्याची फेरी सुरू केली. पंखा चालू, मोटर चालू. शेवटच्या कडव्यात ‘माझी मी’ म्हणत ती वर चढली आणि त्याच वेळी भाभींच्या तव्यावरचा खकाणा खिडकीतून आत आला. आवाज फाटला, तुटला, त्यात खोकला. ‘थांबा,’ आई म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत पाण्याला गेली.

परत आली, ज्येष्ठमध तोंडात टाकला, भाभींना हाक मारून मोटर बंद करायला लावली, पंखा बंद केला, आणि दुसरी फेरी म्हटली. काय म्हटली! वरची जागा अशी लागली की ढोलकीवाल्या बाईचा हात क्षणभर उचललेलाच राहिला. ईशान घाम पुसत मान डोलवत होता. आई खूश. तिनं त्याला स्वतः कुरडया तळून वाढल्या. त्यानं वायरी केव्हाच गुंडाळून पिशवीत ठेवल्या होत्या, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्याला हवं ते पहिल्याच फेरीत मिळालं होतं. दुसरी तो नुसती ऐकत होता, पाहुण्यासारखी. त्याला आमचा कायदा माहीत नव्हता, आणि तो सांगावा लागतो हे आम्हाला माहीत नव्हतं.

पुढच्या एप्रिलच्या तोंडावर अल्बम आला आणि नुसता गाजावाजा. पेपरात अर्धं पान. कुणी लिहिलं, या दशकात असं काही झालेलं नाही. आमच्या गाण्याचा तर स्वतंत्र परिच्छेद. त्या फुटलेल्या स्वरात म्हणे शतकांची वेदना साकळली आहे. पार्श्वभूमीला घुमणारा तो आदिम नाद म्हणे काळजाचा ठाव घेतो. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा भाभी दारातच उभ्या होत्या. दोन मिनिटं त्यांनी विचार केला आणि मग ओरडल्या, ‘अग्गे! वो मेरी मोटर है ना! विमलआपा, मेरी मोटर पेपर में आई!’ दिवसभर त्यांनी मोहल्ल्याला सांगितलं.

आम्ही सगळे हसत होतो. आई हसत नव्हती. तिनं माझ्या फोनवर गाणं शेवटपर्यंत ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. फोन माझ्या हातात देत म्हणाली, ‘ही तर गळ्याची फेरी हाय गं.’

त्यानंतर ती गच्चीवर यायची बंद झाली. कुरडया आम्हीच घातल्या, वाकड्यातिकड्या. पार्टीचा सराव तिनं लांबवला. बायका समजूत घालायला आल्या, ‘विमलबाई, अहो देशात नाव झालं तुमचं!’ तर म्हणाली, ‘माझं कुठं? खोकल्याचं झालं.’ मग माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, ‘आता जिथं तिथं हेच वाजंल. लोक म्हणतील, विमलला माझी मी म्हणता येत नाय. उभ्या जन्मात एकदा मोठ्या जागी गाणं गेलं, अन् तेच फाटकं गेलं.’

जी बाई सुरकुतलेली साडी नेसून पाच मिनिटं स्टेजवर उभी राहणार नाही, तिला कुणीतरी परकराच्या वेशात जगासमोर उभं केलं होतं आणि वर म्हणत होतं, किती अस्सल!

नेमकं त्याच आठवड्यात शहरातल्या एका रसिक मंडळानं अल्बमवर चर्चा ठेवली. ईशान येणार होता. मी पेपरात अधूनमधून लिहिते, शिवाय गायिकेची मुलगी, म्हणून मलाही बोलावलं. दोन शब्द कौतुकाचे बोलावेत अशी अपेक्षा. एसी हॉल, पुढं मोगऱ्याचे गजरे. त्यांनी तो तुकडा लावला. आवाज फुटला तिथं पुढच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी चष्मा काढून डोळे टिपले. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘हा अल्बम वाजवीपेक्षा जास्त डोक्यावर घेतलाय असं माझं मत आहे.’

त्या सद्गृहस्थांनी सौम्यपणे विचारलं, ‘पण ताई, त्या तुटण्यातच तर त्या गाण्याचं सौंदर्य आहे, नाही का?’

‘सौंदर्य नाही हो,’ मी म्हटलं, ‘शेजारच्या मिरच्या आहेत.’

हॉल हसला. मी हसले नाही. मग मला स्वतःला थांबवता आलं नाही आणि मी थांबलेही नाही. म्हटलं, तुम्ही ऐकलंत ते आईनं नुसतं गळा उघडायला म्हटलेलं, खरं गाणं त्यानंतर झालं. आमच्या घरात दुःख नव्हतं असं नाही, भरपूर होतं, पण आईनं ते तुम्हाला गाऊन दाखवलेलं नाही. तिनं तुम्हाला दाखवलाय तिच्या आयुष्यातला सगळ्यात मानाचा दिवस. त्यात तुम्हाला रडूच ऐकू येत असेल, तर तुम्ही गाणं ऐकलं नाही, तिची जात ऐकली. तुमच्या घरातली गायिका चुकली तर तुम्ही म्हणता, पुन्हा घ्या. माझी आई चुकली तर म्हणता, अस्सल. आम्हाला कच्चेपणाचं कौतुक नको आहे. पंखे बंद करून गाणाऱ्या बायका आहेत या. त्यांना त्यांच्या चांगल्या फेरीवर तोला, आणि आवडलं नाही तर तसं तोंडावर सांगा.

खाली येऊन बसले तेव्हा मान ताठ होती, हे मला अजून आठवतं. ईशानचा चेहरा लालबुंद झाला होता. चहाच्या वेळी तो जवळ आला आणि एवढंच म्हणाला, ‘दुसऱ्यांदा गायल्या तेव्हा मी मशीन बंद केलं होतं, ताई. मला वाटलं, त्या माझ्यासाठी म्हणून गातायत.’

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते. ईशाननं गाणं पुन्हा घेतलं आणि वेगळं प्रसिद्ध केलं. अल्बमचं कौतुक काही कमी झालं नाही. बक्षिसं मिळायची ती खोकल्यालाच मिळाली. नव्या गाण्याबद्दल एकानं लिहिलं, मूळची धार गेली, फार घासूनपुसून गुळगुळीत झालंय. मी आईला भीत भीत वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘व्हय, घासलंयच. लई घासलंय,’ आणि खुदकन हसली. पण जयंतीला ट्रकवर वाजतं ते नव्यानं घेतलेलंच. करमाडला तेच, दौलताबादला तेच, आणि काल माझे पेपर अडवले तेही त्यानंच. पापडाच्या दुसऱ्या दिवशी ते सगळ्या गच्चीच्या तोंडात असतं.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

चर्चेनंतर दोन दिवसांनी ईशान मशीन घेऊन दारात उभा राहिला. ‘मावशी, स्टुडिओ ठरवलाय. गाडी आणलीय,’ म्हणाला. आईनं त्याला आत घेतलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, ‘स्टुडिओ नको आता. इथंच म्हणते. जिथं फाटलं तिथंच शिवते.’ आत गेली ती पांढरी साडी नेसून आली. घडीसुद्धा मोडली नव्हती त्या साडीची. पार्टी जमली. ऊन भर माथ्यावर, एप्रिलचं.

गळ्याची फेरी झाली. या वेळी ईशाननं मशीनला हात लावला नाही. आईनं पाणी घेतलं आणि पंखा बंद केला. ईशाननं हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि ओशाळून म्हणाला, ‘मावशी, शेजारचा कूलर येतोय आत.’

आई उठून दारात गेली. ‘भाभी, कूलर!’ एवढंच म्हणाली.

‘हौ आपा, अब्भी!’ भाभींचा कूलर थांबला. मग त्या खाली उतरल्या आणि गल्लीत ओरडत निघाल्या, ‘कूलर बंद करो रे! पंखे बंद करो! आपा का गाना है!’ एकेक घरघर थांबत गेली. समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा थांबला. रात्रपाळी करून झोपलेली माणसं उठून उघड्या अंगानं उंबऱ्यात येऊन बसली. सगळ्या खिडक्यांत घामेजलेले चेहरे. इतकी वर्षं या वस्तीत राहते, पण तिचा आवाज पूर्ण थांबलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

आई गायली. शेवटच्या कडव्यात ‘माझी मी’ म्हणत वर चढली, तिथं पोचली आणि थांबून राहिली. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता, तो तिनं पुसला नाही. मी श्वास धरला होता, गल्लीनंही धरला असावा. मग ती सावकाश खाली उतरली, सम आली, ढोलकी थांबली.

कुणी टाळी वाजवली नाही. कुणी हललंही नाही. ईशान मशीन बंद करायचं विसरून नुसता बघत बसला होता. म्हणून आता त्या गाण्यात, अगदी शेवटी, ती शांतता आहे, आणि तिच्यानंतर पदरानं कपाळ टिपत साऱ्या गल्लीला सांगणारा आईचा आवाज आहे, ‘हं. लावा आता पंखे.’